अठराशेची बर्निस

"चाळीस," मर्ल ट्रूस्डेल म्हणाला, आणि त्याने पहिला खण परत आत ढकलला.

ग्लेन पावलाकच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चाळीस डॉलरमध्ये टोलिडोत आता दोन माणसांचं धड जेवणही होत नाही. खणातला पिवळा नर अजगर, धंद्याच्या भाषेत पास्टेल, वेटोळं करून पडला होता. आपल्याबद्दल काय बोललं गेलं याचं त्याला सोयरसुतक नव्हतं. अजगराला कान नसतात ही देवाची मोठीच कृपा. ग्लेनने तोंड उघडलं आणि मिटलं. त्याच्या वकीलबाई, मिस हॅगर्टी, काल फोनवर पुन्हा पुन्हा एकच गोष्ट सांगत होत्या. "मिस्टर पावलाक, उद्या तो माणूस जो आकडा सांगेल तो ऐकायचा आणि गप्प बसायचं. तुम्हाला गप्प बसता येतं ना?" ग्लेन म्हणाला होता, "माझ्या बायकोची तक्रारच ती आहे." त्यावर बाई म्हणाल्या होत्या, "उत्तम. मग उद्या तेच करा."

हिशेब साधा होता. घटस्फोटाच्या वाटणीत घर बायकोचं, डोरीनचं, तिच्या आईकडून आलेलं. तळघरातले अजगर ग्लेनचे. आणि अजगरांची जी किंमत ठरेल तिच्यातला निम्मा वाटा ग्लेनने डोरीनला द्यायचा. म्हणजे मर्ल जितका कमी आकडा सांगेल तितका ग्लेनचा फायदा. हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं, आणि तळघराच्या पायऱ्या उतरेपर्यंत ग्लेनलाही कळत होतं. किंमत ठरवायला मर्लचं नाव दोन्ही वकिलांनी मान्य केलं होतं. फोर्ट वेनचा हा म्हातारा बॉल जातीच्या अजगरांची पैदास करणाऱ्यांत सगळ्यांत जुना, ग्लेनने आपली पहिली जोडी त्याच्याचकडून घेतली होती, आणि तो कोणाचं मन राखण्यासाठी बोलतो असा आरोप त्याच्यावर आजवर कोणी केला नव्हता. तो आला तो गॅलिसवर पँट तोलत, डोरीनने आणलेली पोलिश बेकरीतली जॅमची पोंच्की उभ्याउभ्या दोन खाल्ली, बोटं चाटली, हात धुतले, टॉर्च काढला आणि कामाला लागला. डोरीन कॉफीचा मग घेऊन सगळ्यांत खालच्या पायरीवर बसली. गेली कित्येक वर्षं ती त्या पायरीच्या खाली फारशी उतरली नव्हती.

"साठ," मर्ल म्हणाला. "ही नव्वद. हा पस्तीस, आणि पस्तीसला घेणारा भेटला तर त्याला जेवायला घाल."

ग्लेन घरं तापवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करणारा माणूस होता. हिवाळ्यात लोकांची घरं गार पडली की तो जायचा, त्यांच्या तळघरात उतरायचा, आणि संध्याकाळी आपल्या तळघरात उतरायचा. त्यामुळे जमिनीच्या वर काय चाललंय याची त्याला उशिरा खबर लागे. मागच्या पानगळीत डोरीन एकदा म्हणाली, "मी वर बसून कंटाळले, ग्लेन." त्याला वाटलं ती दिवाणखान्याबद्दल बोलतेय. त्याने विचारलं, रंग काढून घेऊ या का? फिकट हिरवा वगैरे? डोरीन दातांच्या दवाखान्यात दात साफ करायच्या कामाला होती. दिवसभर ज्यांचं तोंड उघडं आहे पण ज्यांना बोलता येत नाही अशा माणसांत राहून ती घरी यायची, आणि घरी हा, तोंड मिटलेला. पुढच्या आठवड्यात वकिलाचा कागद आला तेव्हा ग्लेनच्या गाडीत फिकट हिरव्या रंगाचा डबा होता. तो अजून तिथेच होता. नदीपलीकडे रॉसफर्डला त्याने भाड्याने घेतलेल्या जागेच्या भिंती तपकिरी होत्या, आणि घरमालकिणीने नेमका तोच रंग ठेवायची अट घातली होती.

"पंचावन्न."

प्रत्येक आकडा कोणीतरी टाचणी टोचावी तसा त्याच्या बरगड्यांत शिरत होता. या एकेका खणामागे त्याने मोजलेले पैसे त्याला आठवायला लागले, आणि गंमत अशी की खरे आकडे आठवेचनात. कारण खरा आकडा त्याने कधी कोणाला सांगितलाच नव्हता. डोरीनला सांगायचा तेव्हा निम्मा करून सांगायचा, आणि धंद्यातल्या लोकांना सांगायचा तेव्हा दुप्पट करून. ऐकणाऱ्यांनाही ते माहीत असायचं. ते मनातल्या मनात दुरुस्ती करून घ्यायचे, जशी सगळेच एकमेकांची करून घेत. मर्लकडची ती पहिली जोडी घेतली तेव्हा नवी मोटार येईल इतके पैसे गेले होते. आज त्याच रंगाचं पिल्लू लोक टोस्टरच्या भावात नेतात. या धंद्याची रीतच तशी. एखाद्याच्या अंड्यातून कधी न पाहिलेला रंग बाहेर येतो, आणि तो माणूस पहिला भाव बोलतो. तो भाव कुठून येतो ते त्यालाही माहीत नसतं. बोलताना स्वतःला हसू आलं नाही म्हणजे झालं. मग गिऱ्हाईक ते पिल्लू घरी नेतं, वाढवतं, तीन वर्षांनी ते अंडी घालतं, आणि एके दिवशी तेच गिऱ्हाईक तुमच्या शेजारच्या टेबलावर येऊन बसतं, तुमचाच रंग घेऊन, तुमच्याहून स्वस्त. ज्या पिल्लाच्या अंगावर काहीच दिसत नाही, तेही साधं विकत नाहीत. रक्तात अमुक रंग असण्याची शक्यता सहासष्ट टक्के आहे असं डब्यावर लिहायचं आणि वर थोडे लावायचे. लोक घेतात. लग्नात इतकीही खात्री कोणी देत नाही.

अजगरांच्या विक्री-प्रदर्शनाच्या दिवशी तर हॉल उघडायच्या आधी सगळे पाय मोकळे करायला म्हणून कॉफीचे पेले घेऊन हिंडायचे. पायांना काही झालेलं नसायचं. इतरांच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या तिरक्या नजरेने वाचायच्या आणि परत येऊन आपल्या चिठ्ठीवर पाच डॉलर कमी लिहायचे. सगळेच हे करायचे, त्यामुळे दार उघडेपर्यंत अख्खा हॉल खाली सरकलेला असायचा, पूर आल्यावर जमीन खचावी तसा. एका वर्षी ग्लेन आणि शेजारचा कॅलमाझूचा एक आडदांड माणूस यांनी दिवसभरात एकमेकांना तीनशेवरून ऐंशीवर आणलं, आणि तेही वेफर्सची एकच पिशवी दोघांत खात, अगदी गोडीत. शेवटी डोरीन उठली. तिने ग्लेनच्या हातातला मार्कर काढून घेतला, ऐंशीची चिठ्ठी फाडली आणि नव्या चिठ्ठीवर लिहिलं: संडे टोस्ट, चारशे. "असा रंगच नाहीये, डोरीन," ग्लेन कुजबुजला. "नव्हता," ती म्हणाली, "आता आहे." तो अजगर खरोखरच लोणी लावलेल्या पावासारखा दिसत होता. हॉल बंद व्हायच्या आत विकला गेला. त्यानंतर चिठ्ठ्या लिहायचं काम तिच्याकडेच आलं, आणि ग्लेनने पाठ फिरवून डब्यांत पाणी घालायचं.

"ही कोण?" मर्लने विचारलं. शेवटच्या रॅकचा सगळ्यांत खालचा खण होता.

"बर्निस," ग्लेन म्हणाला. हा पहिलाच शब्द त्याच्या तोंडून निघाला. नाव सांगायला वकीलबाईंची हरकत नसावी.

काळ्या कॉफीत साय फिरवावी तसा तिचा रंग होता, आणि पाठीवर तुटक तुटक सोन्याची रेघ. चार वेगवेगळे जीन एकाच अंगात उतरवायला ग्लेनला आठ वर्षं लागली होती. कोणता नर कोणत्या मादीला, त्यांची कोणती लेक पुन्हा कोणाला, हे सगळं तो भट्ट्यांखाली उताणा पडून लोकांच्या तळघरांत ठरवायचा. ज्या सकाळी तिच्या अंड्याला चीर पडली तेव्हा डोरीन पायजम्यात टॉर्च धरून उभी होती. चिरेतून टोकदार डोकं बाहेर आलं, दोघांकडे पाहिलं, आणि काही पसंत न पडल्यासारखं परत आत गेलं. डोरीन म्हणाली, "तुझी बर्निसमावशीच." ती मावशी कोणाच्या घरी पानावर बसली की आधी ताटाचा वास घ्यायची. ग्लेन इतका हसला की त्याला पायरीवर बसावं लागलं. आता ती नेमकी कोणत्या वर्षाची गोष्ट, हे आठवायला त्याला बर्निसचं वय मोजावं लागलं. त्याच्या आयुष्यातलं बरंच काही असं अजगरांच्या वयावरून मोजावं लागे.

"अडीचशे," मर्ल म्हणाला.

ग्लेनला आपल्या जिभेचं वजन जाणवलं. ती तोंडात एखाद्या जनावरासारखी पडून होती आणि तिला बाहेर यायचं होतं. त्याने मिस हॅगर्टींचा विचार केला, भाड्याच्या जागेतल्या तपकिरी भिंतींचा केला.

"अडीचशे?" तो म्हणाला. "मर्ल, तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय की व्हायचंय?"

"झालं. दोन्ही डोळ्यांचं."

"मग टॉर्च नीट धरा."

"गड्या, गडद रंग आता कोणाला नकोय. लोकांना फोनवर उठून दिसणारं हवं. ही फोनमध्ये काळ्या मोज्यासारखी दिसेल."

"काळा मोजा? आठ वर्षं घातलीत मी. अशी दुसरी मादी ओहायोत दाखवा मला. मिशिगनमध्ये दाखवा."

"ग्लेन," पायरीवरून डोरीन म्हणाली, "तुझ्या वकीलबाई काय म्हणाल्या होत्या तुला?"

"तुला काय माहीत काय म्हणाल्या?"

"माझ्या वकिलाने मला सांगितलंय ना. तू बोलायला लागलास तर मध्ये पडू नकोस म्हणाला."

"मग पडू नकोस."

"पडतेय," ती म्हणाली आणि मर्लकडे वळली. "मर्ल, तुमचं बरोबर आहे. ही हिवाळाभर उंदराला तोंड लावत नाही. मागच्या खेपेला सहातली चार अंडी पोकळ निघाली."

"त्यात तिचा दोष नाही, नराचा होता," ग्लेन म्हणाला. "आणि खात नाही कारण तिला चव आहे."

"अडीचशे ठीक आहेत, ग्लेन."

"तुला कुणी विचारलंय?"

मर्लने टॉर्च बंद केला. तो आळीपाळीने दोघांकडे बघत होता, टेनिस बघावं तसा. "मी या धंद्यात म्हातारा झालो," तो म्हणाला. "पैसे द्यायचे तो भाव पाडतो आणि घ्यायचे तो चढवतो, एवढं मला माहीत. तुम्ही दोघं उलट्या खुर्च्यांवर बसलाय. माझं तासाचं मीटर चालू आहे. ग्लेन, तूच आकडा बोल, मी लिहितो. वकिलांनी विचारलं तर सांगेन की मालक अडून बसला."

"अठराशे," ग्लेन म्हणाला.

हा आकडा कुठून आला ते त्याला कळलं नाही. पण तो बोलताना हसू आलं नाही, आणि बोलून झाल्यावर छातीत इतकं हलकं वाटलं की गेले कित्येक महिने तिथे काहीतरी अडकून होतं हे त्याला तेव्हा कळलं. अठराशे. कोणीतरी जोरात म्हणायलाच हवं होतं. मग लगेच दुसरा विचार आला की यातले नऊशे आपल्याला खिशातून काढून द्यायचेत, आणि खिशात घरमालकिणीला द्यायची अनामतसुद्धा धड नाहीये.

डोरीन उठली. शेवटची पायरी उतरली, कॉफीचा मग रॅकवर ठेवला, मर्लच्या हातातून टॉर्च घेतला आणि खणापुढे उकिडवी बसली. तिच्या गुडघ्याचा कट् असा आवाज झाला. बर्निसने डोकं उचललं, जीभ काढली. डोरीनने तिच्या पाठीवरची सोनेरी रेघ डोक्यापासून शेपटीपर्यंत टॉर्चने नीट तपासली, दवाखान्यात एखाद्याची अक्कलदाढ बघावी तशी.

"अठराशे?" तिने वर न बघता विचारलं.

"अठराशे."

"ठीक आहे. मग तेवढी रोख नको, ही माझ्या वाट्यात धरा, मर्ल. अठराशेला."

तळघराच्या कोपऱ्यातली भट्टी सुरू झाली. पंखा थोडा घरघरतोय, तेल द्यायला हवं, ग्लेनच्या मनात येऊन गेलं. अजगर डोरीन घेईल हे ना त्याच्या मनात आलं होतं ना कोणा वकिलाच्या. ती विकायची नाही, असं तो म्हणू शकला असता. पण आत्ताच जो माणूस एखाद्या गोष्टीची किंमत छाती ठोकून सांगतो त्याला ती विकायची नाही असं कसं म्हणता येईल? आणि खरी अडचण निराळीच होती. इतक्या वर्षांत ग्लेनने शेकडो भाव सांगितले होते, आणि प्रत्येक ऐकणाऱ्याने ते मनात कापून, छाटून, पाचाने उतरवून घेतले होते. बोलला तो आकडा जसाच्या तसा मान्य करणारं पहिलंच माणूस त्याच्यासमोर उकिडवं बसलं होतं, आणि ते त्याला सोडून चाललं होतं.

"ग्लेन?" मर्ल म्हणाला. "मंजूर?"

"मंजूर," ग्लेन म्हणाला. "पण तिला हिवाळ्यात जबरदस्ती करायची नाही."

"मी कधी कोणावर केली?" डोरीन म्हणाली.

बर्निसच्या सोबत तिने साध्या, स्वस्त पिल्लांचे काही खण मागून घेतले आणि बाकीचे पैसे सावकाश दिलेस तरी चालतील म्हणाली. संध्याकाळी मिस हॅगर्टींचा फोन आला. त्या ग्लेनवर बेहद्द खूश होत्या. अडीचशेचा साप बायकोच्या गळ्यात अठराशेला बांधणारा अशील त्यांनी आजवर पाहिला नव्हता. "तुम्ही तर फारच मुरब्बी निघालात, मिस्टर पावलाक. ते भांडण नाटक होतं हे मलासुद्धा ओळखता आलं नसतं." नाटक नव्हतं, असं ग्लेन सांगत राहिला आणि बाई हसत राहिल्या. फोन ठेवल्यावर तो तपकिरी भिंतींच्या मधोमध उभा राहिला. आपण डोरीनला फसवलं असं त्याला वाटेना, आणि तिने आपल्याला फसवलं असंही म्हणता येईना. तरी कोणीतरी कोणालातरी फसवल्याची चव तोंडात राहिली होती. त्या रात्री त्याने मर्लला फोन करायचा विचार केला, आकडा बदलून घ्या म्हणून. पण बदलून काय करायचा, हे त्याला ठरवता येईना. कमी केला तर बर्निसचा अपमान. तसाच ठेवला तर डोरीनचं नुकसान. तो झोपला.

वसंतातलं प्रदर्शन फेअरग्राउंडच्या जुन्या हॉलमध्ये भरलं. ग्लेन टेबलावर डबे मांडून वर बघतो तो समोरच्या रांगेत, बरोबर त्याच्या तोंडासमोर, डोरीन. टेबलावर पांढरी चादर, स्वच्छ, दवाखान्यासारखी. साध्या पिल्लांचे डबे नीट ओळीत, आणि मध्ये काचेच्या पेटीत बर्निस. पेटीवरची चिठ्ठी वाचायला ग्लेनला चष्मा लावावा लागला. डोरीनच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: बर्निस, एकुलती एक, सव्वीसशे.

त्याने मान खाली घातली आणि पाणी घालायला लागला. सगळ्या डब्यांत पाणी घालून झालं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपल्या एकाही डब्यावर चिठ्ठी नाही. लोक येऊन विचारत, हा कितीला? ग्लेन म्हणे, तुम्हाला काय वाटतं? लोकांना हे आवडत नाही. ते संशयाने डबा खाली ठेवत आणि पुढे जात. पलीकडे डोरीनची चादर हळूहळू रिकामी होत होती. तिच्याकडे बघायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, आणि ते ठरवल्यामुळे दुसरं काही दिसतच नव्हतं.

दुपारी एक उंच, रुंद खांद्यांची बाई बर्निसच्या पेटीपुढे बराच वेळ वाकून उभी राहिली. मग ती टेबलांच्या रांगांमधली वाट ओलांडून सरळ ग्लेनकडे आली. तिच्या जाकिटावर शाळेच्या बसचं चित्र होतं.

"तुम्ही त्या समोरच्या बाईंना ओळखता का हो?" तिने हळूच विचारलं.

"चोवीस वर्षं."

"खरं बोलतात का त्या?"

"नको तितकं."

"ती काळी मादी. सव्वीसशे म्हणतायत. मी कधी कुठल्या जनावरावर एवढे घातले नाहीत. माझं बजेट पाचशेचं होतं, आणि मला घरी जाऊन तोंड दाखवायचंय. वाजवी आहे का?"

एक शब्द पुरला असता. एक भुवई पुरली असती. या धंद्यात नुसत्या भुवईने अख्खं टेबल बुडतं. ग्लेनने समोर पाहिलं. डोरीन एका मुलीला पिल्लू कसं धरायचं ते दाखवत होती आणि इकडे मुळीच बघत नव्हती, इतकी मुळीच नाही, की तिला सगळं दिसत असणार. अडीचशे, त्याच्या डोक्यात मर्ल म्हणाला. अठराशे, तो स्वतः म्हणाला. आणि मग त्याला स्वच्छ दिसलं की सव्वीसशे हा आकडा वाचताक्षणी आपल्याला कमीच वाटला होता.

"मी घेतली असती," तो म्हणाला.

"मग का नाही घेतली?"

"माझ्याकडे पैसे नाहीत."

टेबलाच्या मागे बसलेला माणूस हे कधी बोलत नाही. बाईने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं, त्याच्या चिठ्ठी नसलेल्या डब्यांकडे पाहिलं, आणि तिचा विश्वास बसला. ती परत गेली. घासाघीस झाली असावी, कारण डोरीन दोनदा मान हलवताना दिसली, अगदी प्रेमाने, आणि एक डॉलरही खाली आली नाही. मग बाईने खांद्यावरची पर्स उघडली. कापडी पिशवीत जाताना बर्निसने एकदा डोकं बाहेर काढून नव्या मालकिणीच्या बाहीचा वास घेतला. त्या क्षणी ग्लेनला असं वाटलं की आपण उठून थांबा म्हणून ओरडावं, आणि असंही की सगळ्या हॉलला ओरडून सांगावं, बघा, सव्वीसशे. दोन्ही एकदम करता येईना, म्हणून त्याने आधीच भरलेल्या डब्यात आणखी पाणी घातलं. बाई पिशवी छातीशी धरून दाराकडे गेली, गर्दीतून, झोपलेलं मूल न्यावं तशी. दार उघडलं, उजेड आत आला, दार मिटलं.

डोरीनने रिकामी पेटी पुसली. मग ती पहिल्यांदा समोर बघून उभी राहिली, कंबरेवर हात ठेवून. दोघांच्या मधल्या वाटेतून लोक जात होते, हातात डबे, पेले, पोरं.

ग्लेनने खिशातून मार्कर काढला. कोरी चिठ्ठी पुढे ओढली. पास्टेल नर, एवढं त्याने लिहिलं आणि तो थांबला.

"डोरीन," त्याने लोकांच्या डोक्यांवरून हाक मारली, "पास्टेलचे किती लावू?"

"तू आधी लाव," ती म्हणाली. तिने आपल्या मार्करचं टोपण दातांनी काढलं. "मग मी पाच कमी लावते."